श्रीमुक्ताबाई : कोवळ्या वयातले धैर्य

श्रीविठ्ठलचरणी व सकल संतांच्या चरणी मस्तक ठेवून या खेपेस आम्ही वाचक माउलींपुढे श्रीमुक्ताबाईंचे चरित्र ठेवीत आहोत. हे चरित्र आपणांस ठाऊक नाही असे नाही. वारकऱ्याच्या घरात पाळण्यातले मूलसुद्धा या चार भावंडांची नावे ऐकत मोठे होते. मग पुन्हा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण आमच्याच घरी घडले. ते आधी सांगतो, कारण स्वतःची चूक झाकून दुसऱ्याला उपदेश करणे कीर्तनकाराला शोभत नाही.

आमच्या गावच्या सप्ताहात आमची आठ वर्षांची नात हरिपाठ म्हणायला पुढे उभी राहिली. महिनाभर पाठ केले होते. दोन अभंग नीट झाले, तिसऱ्यात अडखळली. समोर बसलेली पोरे फिदीफिदी हसली. झाले! पोर जी निघाली ती थेट घरी, आणि मागच्या खोलीला आतून कडी. आम्ही कीर्तन आटोपून आलो तो हा प्रकार. आम्ही दाराबाहेर उभे राहून काय केले म्हणाल, तर प्रवचन केले! कीर्तनकाराच्या घरात जन्मून एवढ्याशा गोष्टीला रडायचे काय, तुझ्या वयाचे असताना आम्हांला अमुक पाठ होते नि तमुक पाठ होते, असे नाना प्रकारे सुनावले. आत हुंदके वाढले. शेवटी आमची मंडळी आली. तिने आम्हांला नुसत्या नजरेने बाजूला केले, आणि उंबऱ्याशी बसून आपण नवी नवरी असताना भर एकादशीला दुधाचे सगळे पातेले कसे लवंडले, ते त्या बंद दाराला सांगत बसली. घटकाभराने कडी वाजली.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. गेली चाळीस वर्षे आम्ही कीर्तनात ताटीचा प्रसंग सांगत आलो. बंद दाराबाहेर धाकटी बहीण बसते, आणि आतल्या थोर भावाचे मन उघडते, हे सांगताना लोकांच्या डोळ्यांत पाणी आणले. आणि आमच्याच घरात ताटी लागली, तेव्हा आम्हांला मुक्ताबाई आठवली नाही. म्हणून हे चरित्र पुन्हा उघडून बसलो. मुलाच्या वाट्याला अपयश, अपमान, दुःख आले असता ते पुन्हा उभे कसे राहते, आणि त्याला उभे करणारे कोण असते, हे पाहण्याच्या दृष्टीने ते वाचले.

आता मूळ कथेकडे वळू.

गोदावरीच्या काठी पैठणजवळ आपेगाव आहे. तेथील कुळकर्णी घराण्यात विठ्ठलपंत झाले. वृत्तीने विरक्त, तीर्थयात्रेची ओढ फार. आळंदीच्या सिधोपंतांनी आपली कन्या रुक्मिणी त्यांना दिली. पुढे विठ्ठलपंत काशीस गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. गुरूंना जेव्हा कळले की याची पत्नी घरी वाट पाहत आहे, तेव्हा त्यांनी त्यांना परत गृहस्थाश्रमात पाठविले. गुरूंची आज्ञा म्हणून ते परतले, संसार मांडला, आणि त्यांना चार अपत्ये झाली. रूढ गणनेप्रमाणे निवृत्तिनाथ शके ११९५ (इ.स. १२७३), ज्ञानदेव शके ११९७ (इ.स. १२७५), सोपानदेव शके ११९९ (इ.स. १२७७) आणि मुक्ताबाई शके १२०१ (इ.स. १२७९). दुसऱ्या एका गणनेत ही वर्षे थोडी मागे ओढलेली आहेत. म्हणजे भावंडांमध्ये दोन दोन वर्षांचेच अंतर. मुक्ताबाई सर्वांत धाकटी.

संन्याशाने पुन्हा संसार केला, हा त्या काळच्या धर्मशास्त्री मंडळींच्या लेखी मोठा अपराध. घर वाळीत पडले. अहो, वाळीत पडणे म्हणजे काय, याचा विचार मोठ्यांच्या बाजूने नेहमी होतो. तो मुलांच्या बाजूने करून पाहा. शेजारची मुले खेळायला येत नाहीत. पाणवठ्यावर आई गेली की बाकीच्या बायका बाजूला सरतात. मुंजीचे वय झाले तरी मुंज लागत नाही. मुलाला कारण कळत नाही. एवढेच कळते की आपले काहीतरी चुकले आहे, आणि काय चुकले ते कोणी सांगत नाही.

या घरावर पहिला घाला आला तो त्र्यंबकेश्वरी. विठ्ठलपंत कुटुंबासह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाटेत वाघ आडवा आला, अशी कथा आहे. सगळे जीव घेऊन पळाले, आणि निवृत्ती चुकला. आईबापांनी काय आकांत केला असेल! पण तो मुलगा एका गुहेत शिरला आणि तेथे त्याला गहिनीनाथ भेटले. गोरक्षनाथांपासून आलेला बोध गहिनीनाथांनी त्या लहानग्याच्या पदरी घातला. काही दिवसांनी निवृत्ती परत आला तो गुरूचा अनुग्रह घेऊन. पुढे हाच बोध त्याने ज्ञानदेवाला दिला, आणि धाकट्या दोघांनाही दिला. वाट चुकली तेथेच वाट सापडली, असे आम्ही कीर्तनात म्हणतो. पण एक गोष्ट सांगायची राहून जाते. वाट चुकलेल्या मुलाला गुहेत एक माणूस भेटला. गुहा रिकामी असती तर ही कथा निराळी झाली असती. मूल चुकणे हे त्याच्या हाती नसते. त्या गुहेत कोणीतरी असणे हे मात्र आपल्या हाती आहे.

पुढचा घाला सर्वांत मोठा. मुलांना तरी समाजाने जवळ घ्यावे म्हणून विठ्ठलपंतांनी ब्रह्मवृंदापुढे प्रायश्चित्त मागितले. उत्तर मिळाले की याला देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही. परंपरा सांगते की पतिपत्नींनी प्रयागास जाऊन देह त्रिवेणीत टाकला. मागे चार मुले राहिली. धाकटी मुक्ता तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षांची.

येथे आम्ही थोडे थांबतो. या प्रसंगाची थोरवी सांगताना पुष्कळदा असा सूर लागतो की दुःखाने मुले तावून सुलाखून निघतात, म्हणून दुःख बरेच. हे आम्हांस मान्य नाही. ज्यांनी तो निर्णय दिला त्यांनी चार लेकरांचे आईबाप नेले, ही गोष्ट अन्यायाची होती आणि आजही तिला अन्यायच म्हटले पाहिजे. मुलाला कणखर करण्यासाठी त्याच्यावर मुद्दाम दुःख लादणारा मनुष्य शहाणा नव्हे. ही चौघे तगली ती दुःखामुळे तगली नाहीत. दुःख आले असता एकमेकांचा हात सुटला नाही, म्हणून तगली. निवृत्ती थोरला, तोही चौदा वर्षांच्या आतबाहेर. त्याने बापाची जागा घेतली, गुरूचीही घेतली. ज्ञानदेवाने धाकट्यांना आईची माया दिली. चौघांत जे काही शिल्लक होते ते चौघांनी वाटून घेतले. भिक्षा मिळाली तर चौघांची, अपमान मिळाला तर तोही चौघांचा.

मग ही मुले पैठणास गेली. पैठण म्हणजे दक्षिणेतले विद्येचे माहेरघर. आम्हांस शुद्ध करून घ्या, असे सांगायला चार पोरकी मुले आपेगाव-आळंदीकडून विद्वानांच्या सभेपुढे जाऊन उभी राहिली, याचेच आम्हांस प्रथम नवल वाटते. तेथे त्यांची थट्टा झाली. नावावरून टोमणे बसले. रस्त्याने जाणाऱ्या रेड्याकडे बोट दाखवून कोणी म्हणाले की त्याचेही नाव ज्ञानाच आहे. तेव्हा ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखी वेद बोलविले, ही कथा सर्वश्रुत आहे; जुन्नर तालुक्यातल्या आळे येथे त्या रेड्याची समाधी भाविक आजही पाहतात. शके १२०९ (इ.स. १२८७) मध्ये पैठणकरांनी त्यांना शुद्धिपत्र दिले असे परंपरेने सांगितले जाते. मुक्ताबाई त्या वेळी आठ वर्षांची. एवढ्या वयात तिने भर सभेतला अपमान पाहिला, आणि अपमानाला शिवी न देता उत्तर देणारा भाऊही पाहिला. मुले सांगितलेले फारसे ऐकत नाहीत, बरं का! पण पाहिलेले विसरत नाहीत.

पैठणाहून ती नेवाशास आली. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी हे क्षेत्र आहे. तेथे शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये ज्ञानदेवांनी गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ओव्यांची संख्या नऊ हजारांच्या घरात आहे. सांगणारा पंधरा वर्षांचा. ज्यांना मुंजीचा अधिकार नाकारला त्यांनी सगळ्या मराठी लोकांना गीतेचा अधिकार दिला! तेव्हा अकरा वर्षांची मुक्ताई भावंडांच्याच सहवासात होती. तिला निराळी पाठशाळा कशाला हवी होती?

आम्ही स्वतः पाठशाळेत शिकलो. कौमुदीची सूत्रे घोकली. एकदा सूत्र चुकले म्हणून आम्हांस दिवसभर उभे केले गेले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस गुरुजींपुढे आमची वाचाच बसली. जे येत होते तेही येईना. एक थोरला विद्यार्थी रात्री आमच्याजवळ येऊन बसे, आणि स्वतः मुद्दाम चुकून आम्हांला ती चूक काढायला लावी. हळूहळू आमची जीभ सुटली. त्याचे ते उपकार आम्ही अद्याप विसरलो नाही. चुकणाऱ्याजवळ बसणारा कोणी असला म्हणजे चूक ही पायरी होते. नसला म्हणजे तीच भिंत होते.

नेवाशाहून मुले आळंदीस परतली. शुद्धिपत्र मिळाले होते, पण मने कोठे शुद्ध झाली होती? गावात विसोबा चाटी नावाचा गृहस्थ होता, तो या भावंडांचा कट्टर द्वेष्टा. महिपतिबोवा ताहराबादकरांनी शके १६८४ (इ.स. १७६२) मध्ये पूर्ण केलेल्या भक्तिविजयात या विसोबाची कथा आली आहे. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. मुक्ताबाई खापर आणायला कुंभाराकडे निघाली. विसोबाने कुंभारवाड्यात ताकीद देऊन ठेवली की या संन्याशाच्या पोरांना खापर द्याल तर याद राखा. कुंभार तरी काय करणार? पोर रिकाम्या हाताने घरी आली आणि रडू लागली.

आता हा प्रसंग जरा सावकाश पाहू. मुक्ताई आदिशक्ती म्हणून आपण तिला वंदन करतो. पण या प्रसंगी ती रडली, हे संतचरित्रकारांनी लपविले नाही. ज्ञानदेवांनी तिला रडू नको म्हणून दटावले नाही. लोक वाईट आहेत म्हणून विसोबाच्या नावाने बोटेही मोडली नाहीत. मुक्ता, तू आणखी चार घरे फिरायला हवी होतीस, असा दोषही तिच्या माथी मारला नाही. तिचे ऐकून घेतले, तिला जवळ केले, आणि खापराचे काम खापरावाचून कसे होईल ते पाहिले. योगबळाने त्यांनी जठराग्नी प्रदीप्त केला, पाठ तापविली, आणि मुक्ताईने त्या पाठीवर मांडे भाजले. चमत्कार ज्ञानदेवांचा, पण मांडे मुक्ताईच्या हातचे! रडणाऱ्या मुलीच्या हाती तिचेच अडलेले काम पुन्हा दिले गेले. भावाने सिद्धीच्या बळावर आयते मांडे पुढे ठेवले नाहीत. आमच्या मते या कथेचे मर्म येथे आहे. मुलाचे काम बिघडले म्हणजे आपण एक तर रागावतो, नाही तर ते काम आपणच उरकून टाकतो. दोन्हींत मुलाच्या हाती काही उरत नाही.

आडून पाहणाऱ्या विसोबाचे डोळे उघडले. तो शरण आला. हाच पुढे विसोबा खेचर झाला, असे परंपरा मानते. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

आता ताटीचा प्रसंग. यांतील कोणता प्रसंग आधीचा आणि कोणता नंतरचा, हे चरित्रकारांत पुढेमागे आढळते. ताटी म्हणजे कामट्यांचे हलके दार. एके दिवशी ज्ञानदेवांना कोणीतरी फार लागेल असे बोलले. इतकी वर्षे ज्याने सगळे सोसले, त्याचेही मन त्या दिवशी विटले. ते पर्णकुटीत शिरले आणि ताटी लावून बसले. बाहेर कोणी? धाकटी मुक्ताबाई. तिने जे सांगितले ते ताटीचे अभंग म्हणून आपल्या नित्यपाठात आहे. आम्ही येथे त्याचा भावार्थच सांगतो.

ती आधी त्याला त्याच्या थोरपणाची आठवण देते. तू योगी आहेस, तुझे मन निर्मळ आहे. जगाने आग व्हावे तर तू पाणी व्हावेस. मग घरगुती दृष्टांत देते. दातांखाली आपलीच जीभ सापडली, म्हणून आपलेच दात कोणी पाडीत नाही. लोकही आपलेच आहेत. मग आपल्या घरच्या परंपरेची, गुरूंच्या बोधाची आठवण देते. आणि दर खेपेला शेवटी एकच मागणे, की दार उघड. ती पुन्हा पुन्हा म्हणते. एकदा म्हणून निघून जात नाही. कंटाळत नाही. ताटी कामट्यांची होती, धक्का दिला असता तर मोडली असती. तिने धक्का दिला नाही. दार आतून उघडायचे असते हे त्या मुलीला कळले होते.

हे तिला कोणी शिकविले? आम्ही विचार केला तेव्हा उत्तर समोरच होते. खापर न मिळाल्याने ती रडत आली, तेव्हा ज्याने तिला जवळ केले, तोच आज आत बसला होता. सावरले गेलेले मूल पुढे सावरायला शिकते. आपल्याला जसे उचलले गेले तसेच ते दुसऱ्याला उचलते. जे दटावले गेले ते मोठेपणी दाराबाहेर उभे राहून दटावते, याचा पुरावा आम्ही स्वतःच आहोत.

मात्र मुक्ताबाई केवळ मृदू होती असे कोणी समजू नये. तिचे सत्य बोलणे रोखठोक असे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला होता. मडकी थोपटायचे थापटणे पाहून मुक्ताबाईने विचारले की हे कशाला. मडके कच्चे की पक्के ते याने कळते, असे काका म्हणाले. मग आमचीही परीक्षा घ्या, असे ठरले. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. सगळे शांत बसले. नामदेवराय मात्र रागावले. पंढरीनाथ ज्यांच्याशी बोलतो त्यांच्या डोक्यावर थापटणे? तेव्हा हे मडके कच्चे, असा निवाडा झाला.

नामदेवांच्या मनास हे फार लागले. ते पंढरीस येऊन देवापुढे रडले. देवाने काय केले? माझ्या लाडक्याला कच्चे म्हणणारे ते कोण, असे म्हणून देव संतांवर धावून गेला नाही. निवाडा खराच आहे, असे सांगितले. पण पाठही फिरविली नाही. गुरू कर, असे सांगून विसोबा खेचरांकडे धाडले. आजचे आईबाप मुलाला दोन गुण कमी पडले की मास्तरांच्या घरी भांडायला जातात, नाही तर मुलाला हाणतात. देवाने दोन्ही केले नाही. सत्य सांगितले आणि पुढची वाट दाखविली.

आणि पाहा, हे विसोबा कोण? ज्याने मुक्ताईला खापर मिळू दिले नाही, तोच! एका मुलीला रडविणारा मनुष्य पालटला, आणि त्याच मुलीच्या सभेत कच्चा ठरलेल्या भक्ताचा तो गुरू झाला. नामदेव पक्के झाले. पुढे त्यांनी नामाचा झेंडा पंजाबापर्यंत नेला, आणि शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आदराने ठेवलेली आहेत. कच्चे म्हणजे फुटके नव्हे, माउलींनो! कच्च्याला आवा मिळाला की ते पक्के होते. आणि आम्ही कुंभाराचे काम पाहिले आहे. तो ओले मडके बाहेरून थापटतो तेव्हा दुसऱ्या हाताने आतून टेकू धरलेला असतो. आतला हात काढून घेऊन थापटले, तर मडके बसते. थापटण्याने घाट येतो खरा, पण तो आतल्या हाताच्या भरवशावर.

चांगदेवांची कथा याच जातीची. चौदाशे वर्षे काळाला चुकविणारे म्हणून त्यांची ख्याती. त्यांनी ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतले, तर मायना सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? शेवटी कोराच कागद पाठविला. मुक्ताबाईने तो पाहिला आणि हसून म्हणाली की एवढी वर्षे जगून हे कोरेच राहिले. पण निवृत्तिनाथांनी त्या कोरेपणाला नावे ठेवली नाहीत. त्यांच्या आज्ञेने ज्ञानदेवांनी उत्तरादाखल ६५ ओव्या लिहिल्या, तीच चांगदेवपासष्टी. पुढे चांगदेवांनी मुक्ताबाईला गुरू केले. म्हणजे कोरा कागद हा अपमानाचा विषय न होता नव्या लेखनाची जागा झाला. आणि वृद्ध शिष्याने लहान मुलीपुढे मान वाकविली, हेही धैर्यच. मोठ्यांनी आपली चूक मुलांपुढे कबूल केली, तर मुलांना चुकीचे भय वाटेनासे होते.

आता शेवटचा भाग. शके १२१८ (इ.स. १२९६) कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानदेवांनी आळंदीस संजीवन समाधी घेतली. वय एकवीस. नामदेवरायांनी समाधीच्या अभंगांत त्या दिवसाचे जे वर्णन केले आहे, ते कीर्तनात सांगताना आजही आमचा कंठ दाटतो. निवृत्तिनाथांसारखा धीराचा पुरुषही त्या दिवशी शोकाकुल झाला. पुढच्याच महिन्यात, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस, सोपानदेवांनी कऱ्हेकाठी सासवडास समाधी घेतली. सतरा वर्षांची मुक्ताबाई आणि थोरला निवृत्ती, दोघेच उरली. आईबाप गेले तेव्हा चौघे होती. आता ज्याने आईची माया दिली तोही गेला.

ज्ञानी माणसे रडत नाहीत, अशी एक समजूत आहे. या समाधीप्रकरणाने ती खोटी ठरते. सोसणे म्हणजे न रडणे नव्हे. ही भावंडे रडली, एकमेकांना धरून रडली, आणि संतमेळ्यासह तीर्थाच्या वाटेला लागली. शके १२१९ (इ.स. १२९७) च्या वैशाखात तापीच्या काठी, आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या मेहुणच्या परिसरात, विजेचा मोठा लोळ आला आणि त्यात मुक्ताबाई अंतर्धान पावल्या. निवृत्तिनाथांनी पुढच्या महिन्यात त्र्यंबकेश्वरी देह ठेवला. जेथे लहानपणी वाट चुकली आणि वाट सापडली, तेथेच. मुक्ताबाईंचे आयुष्य अवघे अठरा वर्षांचे. पण तापीकाठच्या एदलाबादेचे नाव आज मुक्ताईनगर आहे, आणि तेथून निघणारी त्यांची पालखी सुमारे महिनाभर चालून आषाढीस पंढरीस येते.

चरित्र येथे संपते. आता यातून आम्ही आमच्यापुरते काय घेतले ते सांगतो. कोणास पटले तर घ्यावे.

मूल रडत आले तर आधी रडू द्यावे आणि ऐकावे. उपदेश कोठे पळून जात नाही. मुलाचे बिघडलेले काम आपण हिसकावून पुरे करू नये. पाठ द्यावी, मांडे त्याला भाजू द्यावे. कच्चे असेल तर कच्चे म्हणावे, खोटी स्तुती करू नये. पण त्याच श्वासात पुढची वाटही सांगावी. आपल्या स्वतःच्या चुका मुलांना सांगाव्या. आणि दार लागले तर उंबऱ्याशी बसावे. परीक्षेच्या निकालाच्या दिवसांत हल्ली वर्तमानपत्र उघडायला हात धजत नाही. अपयशाच्या भयाने कोवळी मुले जिवाचे बरेवाईट करून घेतात, अशा वार्ता वाचून पोटात गोळा येतो. त्या प्रत्येक मुलाला आपण बाहेरून हाक मारू शकलो असतो असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्या आईबापांच्या दुःखाला दोष देणे तर पाप आहे. पण आपापल्या घरच्या दाराशी बसणे आपल्या हाती आहे. आणि आपल्या हाकेने दार उघडेना, तर शेजारच्याला बोलवावे, मास्तरांना बोलवावे, वैद्याला, डॉक्टरांना बोलवावे; त्यात कमीपणा मानू नये.

आमच्या नातीचे काय झाले, असे आपण विचाराल. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिच्याजवळ बसलो, आणि पाठशाळेत आम्ही दिवसभर का उभे होतो ते सांगितले. तिला फार गंमत वाटली. आजोबाही चुकतात, ही बातमी तिने शेजारच्या चार घरांत पोचविली. मग आम्ही दोघे तिसरा अभंग म्हणत बसलो; मध्येच आम्ही एक चरण मुद्दाम गाळला, आणि तिने आमची चूक काढली. सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी ती पुन्हा उभी राहिली. या खेपेसही एका ठिकाणी अडखळली. पण थांबली, आमच्याकडे पाहिले, आम्ही टाळ धरून ठेवला, आणि ती पुढे म्हणती झाली. पोरे हसली की नाही, हे आम्ही पाहिलेच नाही.

आषाढ शुद्ध दशमीस वाखरीच्या तळावर जे उभे राहिले असतील, त्यांनी एक गोष्ट मनात आणावी. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथ येतात, आळंदीहून ज्ञानोबाराय येतात, सासवडाहून सोपानकाका येतात, आणि तापीच्या काठाहून मुक्ताई येते. ज्या चौघांना गावाने बाहेर ठेवले, ती चौघे दर वर्षी लाखो लोकांच्या मेळ्यात एकमेकांना भेटतात. कडेवर मूल असेल तर त्याला तेव्हा ही कथा सांगावी. खांद्यावर बसून त्याने पालखी पाहिली, हे ते विसरणार नाही. आणि आपण पडलो तरी उचलून घेणारा खांदा आहे, हेही त्याच्या ध्यानी राहील.

लिहिण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास ते आमचे. गोड वाटले असल्यास ते संतांचे. रामकृष्णहरि.